बारा बोअर

“हा सहाचा आकडा काढून टाक,” साहेब म्हणाले. “बाकीच्या अकरा बोअरमध्ये जमीन टणक आहे. एकापायी शाळेचं काम किती दिवस अडवायचं?”

ती माती तपासणारी इंजिनीअर. शाळेच्या जागेवर बारा ठिकाणी बोअर घेऊन तळाशी दांडा ठोकायचा होता. दांडा फूटभर आत जायला घणाचे किती ठोके लागले, ते वहीत लिहायचं. ठोके जितके कमी, तितकी माती भुसभुशीत. अकरा ठिकाणी वीस, एकवीस, बावीस. एका कोपऱ्यात फक्त सहा.

ती वही घेऊन बसली. सहा तिला खटकत नव्हता. खटकत होते ते उरलेले अकरा. जुन्या कामांचे आकडे तिने शेजारी मांडले, प्रत्येक जागेची सरासरी काढली, आकडे त्या सरासरीपासून किती लांब पळतात ते पाहिलं. चांगल्यातल्या चांगल्या जमिनीतही चौदा, सत्तावीस, एकोणीस असा धिंगाणा होता. इतक्या शहाण्यासारखी माती कधीच वागली नव्हती.

बोअर घेणारे मिस्त्री यंत्राच्या सावलीत बसले होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी ओली माती चिमटीत धरून ओळखायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. तिने वही त्यांच्यापुढे धरली.

“काका, हे आकडे जमिनीतून आलेले नाहीत.”

मिस्त्रींनी नाही म्हटलं नाही. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“तुझी काकू आयसीयूत होती, पोरी. आठवडाभर तिथेच होतो. पलीकडच्या प्लॉटची जुनी सरासरी एकवीस होती, तीच एकाने मागेपुढे करून लिहिली.”

तिला राग आला. पण तोंडातून निघालं भलतंच. “आता कशा आहेत?”

“कालपासून बोलतेय.”

ती त्यांच्या शेजारी खाली बसली. “साहेबांना तुम्हीच सांगायचं. मी बरोबर येते. उद्यापासून बोअर पुन्हा घेऊ. काकूंजवळ माझी आई बसेल.”

तिने पेन उघडलं आणि एकेका आकड्यावर काट मारत गेली. सहावर पोचली तशी मिस्त्रींनी तिचा हात धरला.

“तो राहू दे. दवाखान्यातून फोन यायच्या आधी तेवढा एकच बोअर मी खरा घेतला होता.”