शैलाबाईंचं बोट

"ट्रिगर दुप्पट आवळ," संग्राम म्हणाला.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या वॉल्टने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. समोर बाकावर शैलाबाईंची बोल्ट-ॲक्शन रायफल उताणी पडली होती. लाकडी दस्ता काढून बाजूला ठेवलेला. वॉल्टने ट्रिगरला ओढ मोजायच्या ताणकाट्याचा आकडा अडकवला आणि हळूच ओढला. काटा तीन पौंडांवर आला आणि कट्‌कन आवाज झाला.

"शैलाला तीनच लागतो. गेली कित्येक वर्षं तीनच."

"सहा कर."

"त्यात धोका नाही, पोरा. पण सहा पौंड ओढताना बोटाबरोबर नळीही हलते. नेम चुकतो."

"तेच हवंय."

"रायफल तुझ्या आईची आहे. मालकाला विचारावं लागतं."

"मी मुलगा आहे ना तिचा! तिच्या भल्यासाठीच सांगतोय."

 वॉल्टने स्क्रू-ड्रायव्हर उचलला. खिंड ओलांडून शहरात, बेलव्ह्यूच्या घरी परत येताना संग्राम गाडीत शीळ घालत होता.

भानगड पैजेची होती. गेल्या हंगामात शैलाबाई एकट्याच हरणामागे डोंगरात गेल्या, बर्फावरून घसरल्या आणि मनगट मोडून घेऊन आल्या. वर हरीणही घेऊन आल्या, ते वेगळं. तेव्हापासून संग्रामने धोशा लावला: खोऱ्यातलं हे एलेन्सबर्गचं घर विक, रायफल विक, बेलव्ह्यूला माझ्याकडे येऊन राहा. शेवटी शैलाबाई म्हणाल्या, "शिकार-क्लबच्या नेमाच्या चाचणीत माझ्या तीन गोळ्या थाळीत बसल्या नाहीत, तर रायफल तुझी आणि मीही तुझ्या गेस्ट रूममधली. बसल्या, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

संग्रामने होकार दिला. मग आईच्या बोटाचा विचार केला आणि साफ करून आणतो म्हणून तिची रायफल थेट वॉल्टकडे नेली.

त्या बोटाची कीर्ती खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होती. हायस्कूलच्या फुटबॉल टीमला उघडता न आलेली लोणच्याची बरणी शैलाबाईंनी हाताचं एक बोट अडकवून उघडली होती. एकदा अंगणात अस्वल आलं, त्याला त्यांनी हे बोट नुसतं दाखवलं. अस्वल माघारी गेलं. अस्वलाची बाजू कोणी विचारली नाही. आणि शिकारीनंतर याच बोटाने चिमटी धरून त्या नागपूरहून आणलेला सावजी मसाला रश्शात टाकत. वॉल्टने तो रस्सा पहिल्यांदा खाल्ला तेव्हा डोक्यावरची टोपी वाफेने वर उचलली गेली होती म्हणतात. तरी त्याने दुसरी वाटी मागितली. ही दुसरी वाटी संग्रामने हिशेबात धरायला हवी होती.

पण आता मनगट मोडून सांधलेलं होतं, वय एकाहत्तर होतं, आणि ट्रिगर दुप्पट. संग्राम निर्धास्त होता. रोज फोन करायचा. पलीकडून मधूनच टक् असा आवाज यायचा. थोड्या वेळाने पुन्हा टक्.

"काय करतेस आई?"

"सुपारी कातरतेय."

"सुपारी तर तू बाबा गेल्यावर सोडलीस ना?"

"मग पुन्हा धरली. तू काय डॉक्टर आहेस माझा?" टक्.

चाचणीच्या सकाळी शैलाबाई केशरी जाकीट घालून आल्या. शंभर यार्डांवर जेवणाची कागदी थाळी टांगलेली होती. क्लबची मंडळी हातात कॉफी घेऊन उभी होती, त्यांत वॉल्टही. शैलाबाई बाकाशी बसल्या, दस्ता खांद्याला टेकवला, बोट ट्रिगरवर ठेवलं.

काहीच झालं नाही.

संग्रामने दुर्बिणीतून थाळीकडे बघायचं सोडून आईकडे पाहिलं. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. मानेची शीर ताठ झाली होती. ती ओढत होती आणि ट्रिगर येत नव्हता. त्याला एकदम शरम वाटली. पुढे होऊन म्हणावं, सोड आई, कॅन्सल कर, चूक माझी आहे. त्याने पाऊल उचललंही.

"तिथेच थांब," शैलाबाई मान न वळवता म्हणाल्या.

त्यांनी घाई केली नाही. हिसका दिला नाही. दूध उतू जाण्याची वाट बघावी तशा त्या ओढत राहिल्या. नळी केसभर हलली नाही. धाड! थाळीत भोक. बोल्ट मागे, बोल्ट पुढे. पुन्हा ती सावकाश ओढ. दुसरं भोक. तिसऱ्याला तर क्लबवाल्यांनी कॉफी प्यायचीही सोडली. थाळी आणली, तेव्हा तिन्ही भोकं एका पुरीखाली झाकली गेली असती.

संग्राम आईजवळ गेला. "आई, आय ॲम सॉरी. मी वॉल्टला सांगून ट्रिगर सहावर आवळून घेतला होता."

"ठाऊक आहे. तुझी गाडी खिंडीत पोचायच्या आत त्याचा फोन आला होता. रोज फोनवर ऐकलीस ती सुपारी नव्हती, रिकामी रायफल होती."

"मग आता त्याला म्हणूया, परत तीनवर आण."

वॉल्टने खिशातून ताणकाटा काढला, आकडा अडकवला आणि ओढला. काटा तीन ओलांडून गेला. सहा ओलांडून गेला. मग कट्.

संग्रामने वाकून काट्यावरचा आकडा पुन्हा वाचला.

"नुसते सहा कोण देतं रे?" शैलाबाईंनी रायफल खांद्याला लटकावली. "आहेराच्या पाकिटात वर एक घालतात, एवढंही शिकवलं नव्हतं का तुला? सातवा पौंड माझा."