तसंच पडायचं

घोडे, बंदुका आणि धुळीने भरलेलं गाव असलेला एक गाजलेला जुना सिनेमा नव्याने काढला जात होता. त्यात गोळी लागलेला डाकू धावत्या घोड्यावरून खाली कोसळतो. जुन्या सिनेमात नटाच्या जागी जो पडला होता, त्याच्याच मुलाला दिग्दर्शकाने या वेळी शोधून आणलं होतं. वडील मुलाच्या जन्माआधीच गेले होते. कसे, ते आईने कधी सांगितलं नव्हतं. ती याच सिनेमाचे कपडे शिवत होती.

मुलगा सकाळपासून पडत होता आणि दिग्दर्शकाचं समाधान होत नव्हतं.

"अरे, वाळूखाली गादी आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल! तुझ्या बापाचं काम बघ जरा," म्हणत त्याने जुना प्रसंग पुन्हा लावला. धुळीत पडलेल्या माणसाची बोटं थोडी थरथरली आणि थांबली. "बघ, याला म्हणतात अभिनय! जमेल तुला?"

"न जमायला काय झालं? त्यांचाच मुलगा आहे मी," अंगावरची वाळू झटकत मुलगा हसला. "काढा ती गादी."

दोघं जण गादी ओढायला वाकले, तेव्हा आई हातातली फाटकी बाही तशीच धरून मध्ये येऊन उभी राहिली.

 

"गादी राहू द्या, साहेब. ह्यांनी अभिनय केला नव्हता. त्यानंतर ते उठलेच नाहीत."