आमेन येईपर्यंत

सामोआतल्या त्या घरात प्रार्थना ज्यानं सुरू केली त्यानंच ‘आमेन’ म्हणायचं आणि तोवर कुणी घास घ्यायचा नाही, अशी रीत. मालाकी ऑस्ट्रेलियात सफरचंदं तोडायला गेला, तेव्हापासून पेनिना नवऱ्याच्या जागी चटईवर फोन नारळाला टेकवून ठेवी आणि तो तिकडून प्रार्थना सांगे. आज अर्ध्यातच त्याच्या बसमध्ये रेंज गेली. पडद्यावर तो उघड्या तोंडानं थिजला. “वहिनी, मासा गार होतोय. आमेन मी म्हणतो,” दीर कुजबुजला. पेनिनानं मासा पानानं झाकला. आज आमेन दुसऱ्याचं, उद्या जागाही दुसऱ्याची! “गप रे खादाडा,” मिटल्या डोळ्यांनी सासूबाई म्हणाल्या. “तो समोर बसलाय ना?” सगळे थांबले. फोन किणकिणला. व्हॉइस मेसेजमधून मालाकीचं ‘आमेन’ आलं, पाठोपाठ बसमधल्या साऱ्या तोडणीवाल्यांचं. सासूबाईंनी डोळे उघडून फोनकडे बोट केलं. “लांबली गं आज प्रार्थना. वाढ, आधी त्याला.”