काळा कीस

ढिगाची एक बाजू कुणीतरी हातांनी उकरली होती.

खुशालराव पाइप धरून तसेच उभे राहिले. त्यांची ड्युटी कालच संपली होती, पण बदलीचा माणूस आला नाही आणि ते थांबले. आता मे महिन्याचं ऊन गॅस प्लांटच्या पत्र्यावर तडतडत होतं, आणि अकोल्याहून बाळापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

ढीग लाकडाच्या किसाचा. गंज चोळलेला कीस. शेणाच्या आणि कापसाच्या पऱ्हाटीच्या गॅसमध्ये सडक्या अंड्यांसारखा वास मारणारं विष असतं. गॅस या किसातून सोडला की विष किसात अडकतं आणि पुढे स्वच्छ गॅस जातो. विष खाऊन खाऊन कीस काळा पडतो. मग तो टाकीतून काढायचा, आवारात टाकायचा आणि भिजवत राहायचा. वाळला की तो हवेनं आपला आपणच तापतो. काडीसुद्धा लावावी लागत नाही.

पाणी मारायचं, वाळू द्यायचं नाही. एवढंच काम. एवढंच ते रात्रभर करत होते आणि मधूनच त्यांचे डोळे मिटत होते आणि

"काका! अजून जित्तेच हा का तुमी?"

बदलीचा कुंदन. कपाळाला कालच्या लग्नातलं कुंकू.

"आता सवड भेटली का रे तुले?"

"वरातीतून पाय निघते का, काका? अन् हे काय? ढिगाले घुशी लागल्या का?"

खुशालराव आठवू लागले. सकाळ. हातात पाइप. डोळे अर्धे. समोर झाडूवाली जयवंता, तिच्या काखेत रिकामं पोतं. ती काहीतरी विचारत होती आणि ते

हो म्हणाले होते. "फेकाचाच हाये, न्या," असं म्हणाले होते.

"जयवंताबाई!"

जयवंता गेटापाशी झाडत होती. झाडू घेऊनच आली.

"कीस तुमी नेला?"

"तुमालेच तं इचारलं ना, भाऊ. जावयाच्या गाडीवर धाडला सकाळीच."

"कशाले?"

"कूलरले. ताट्यांतला जुना कीस पार सडला होता. माही पोरगी दामिनी बाळंतपणाले आली, लेकरू घामोळ्यानं लाल झालं. हा बी लाकडाचाच कीस, काळा असला म्हनून काय झालं? जावयानं बिचाऱ्यानं सोता ताट्या भरल्या अन् मंग गेले चांदूरले."

कुंदन हसला. "बरा जावई भेटला, मावशी. आमी तं सासरी गेलो का खाटेवरून उतरत नाही."

खुशालराव हसले नाहीत. डोकं चालत नव्हतं. ते ढकलत होते. कूलर चालू, म्हणजे पंप चालू. पंप चालू, म्हणजे ताट्यांवरून पाणी. ओला असेल तोवर कीस थंड. इथवर ठीक.

"तुमच्याकडं लाइन हाये का आता?"

"दुपारची कुठं रायते, भाऊ? रोजच जाते."

प्लांटमधला पंखा फिरत होता. प्लांटची विजेची लाइन वेगळी.

कुंदनचं हसू थांबलं. "मावशी, घरी फोन लाव. स्पीकरवर."

"कावून?"

"लाव ना."

रिंग गेली.

रिंग गेली.

"झोपली असंन. रातभर पोट्टं झोपू देत नाही. भाऊ, झालं तरी काय?"

खुशालरावांनी ढिगातला मूठभर कीस उचलला. तो थंड होता, ओला. "याले पाणी नसलं का हा पेटते, बाई. अन् पेटाच्या आंधी धूर सोडते. थो धूर लहान लेकराले..."

रिंग गेली.

"काय वं माय," पलीकडून दामिनीचा जड आवाज. "आत्ताच डोळा लागला होता."

"लाइन हाये का?"

"कव्हाची गेली. कूलरचा काहीतरी वास येऊन राहिला. आगपेटीची काडी ओढल्यावानी."

खुशालरावांनी फोन ओढून घेतला. "बेटा, लेकराले घेऊन बाहीर हो. आत्ता."

"कोन? बाहीर लू हाये, काका. भाजून निघंन थे. अन् रातभर रडून आत्ता कुठं झोपलं. हालून बी नाही राहिलं बिचारं."

हालून बी नाही राहिलं.

"उठव त्याले!" जयवंता ओरडली.

"माय, अवं..."

"उठव म्हटलं ना!"

फोन कुठंतरी टेकवल्याचा आवाज आला. बांगड्या. कडी. दार. मग काहीच नाही. कुंदननं स्पीकर मोठा केला. तिघं त्या फोनवर वाकले. त्यातून नुसती हवा वाहिल्यासारखी खरखर येत होती. खुशालरावांच्या हातातून पाइप कधीच सुटला होता आणि पाणी गेटाकडे वाहत निघालं होतं.

मग लांबून एक बारीक आवाज आला. खोकल्यासारखा. पुन्हा आला. आणि मग पोरानं जे भोकाड पसरलं, ते फोनमध्ये मावेना.

त्यात आणखी आवाज मिसळले. शेजारच्या बायका, बादली, तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखी चर्र, "अवं दूर हो, धूर पाय किती!" आणि कुणाचा तरी ठसका. पण सगळ्यांच्या वर पोराचं रडणं.

खुशालराव तिथंच चिखलात बसले. त्यांचे डोळे मिटू पाहत होते आणि ते मिटू देत नव्हते.

"माय, इझलं सारं," दामिनी धापा टाकत म्हणाली. "पन हा थांबूनच नाही राहिला. पदराखाली घेतो त्याले. ठेवू फोन?"

जयवंतानं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"ठेवू नको," ती म्हणाली. "रडू दे त्याले अजून थोडं."