पंपाचं कास्टिंग

शिरोलीच्या फौंड्रीत तीस वर्षं साचे भरणारे जोतीराम लेकीचं प्रदर्शन बघायला गेले. पूर्णिमानं एका भिंतीवर खेळण्यातल्या रणगाड्यांचा व्हिडिओ लावला होता आणि समोरच्या भिंतीवर शस्त्रं विकणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती. एका जाहिरातीपाशी ते थबकले.

"हे कास्टिंग आमच्यातलंच की गं!"

"आबा, तोफगोळा आहे तो."

"माझ्या हातचा माल मला वळखंना व्हय? आमास्नी पंपाचा म्हणून सांगितलंय."



दुसऱ्या दिवशी साच्याला हात न लावता जोतीराम थेट मालकांच्या केबिनमध्ये गेले. "मालक, ह्यो माल कुठं जातोय?"

मालकांनी कागदांवरून मानही वर केली नाही.

"बाकी सगळ्यांनी पहिल्याच वर्षी विचारलं की. एक तुम्हीच राहिला होतासा, जोतीराम."