आठवडाभर

संमतीपत्रावर सही करण्याआधी शालिनीबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "दुखेल का हो?"

"मनगट फक्त बधिर करू. तिथून बारीक नळी हृदयापर्यंत जाईल. अर्ध्या तासाचं काम."

"आणि उद्यापासून हा हात वापरता येईल?"

"आठवडाभर जड उचलायचं नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. घरी सव्वीस वर्षांची मुलगी होती, जन्मापासून अंथरुणाला खिळलेली. तिला उठवणं-बसवणं, अंघोळ घालणं, सगळं त्या एकट्या करत. आज शेजारीण थांबली होती, पण फक्त संध्याकाळपर्यंत.

"मांडीतून करा ना," त्या काकुळतीला आल्या.

"तरी उचलता येणार नाहीच. आणि बाई, तपासणी टाळलीत, तुम्हालाच काही झालं, तर तिला कोण बघेल?"

इतकी वर्षं त्या ह्याच प्रश्नापासून पळत होत्या.

त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला. आईच्या तेराव्याला भांडण झालं, त्याला नऊ वर्षं झाली होती. तिचा आवाज ऐकताच त्यांना रडू कोसळलं. हुंदके देत कसंबसं सगळं सांगितलं.



"ताई," बहीण म्हणाली, "ती आता काय काय खाते गं? मी निघतेय."