भिंगापुढचा हात

बासष्ट साली कुवेतच्या एका थिएटरात जपानी गुंडांचा स्वस्तातला सिनेमा लागला. मालक यूनुसशेठने वरच्या खोलीत प्रोजेक्टर चालवणाऱ्या झहूरला बजावलं होतं, "घाण आली की भिंगापुढे हात धर."

पडद्यावर नवऱ्याने बायकोचा मुका घेतला, तेव्हा झहूरने इमानाने हात धरला. मग गुंडांनी त्याच बाईला केसांना धरून फरफटवलं, तिचे कपडे टराटरा फाडले, आणि पब्लिकने शिट्ट्या मारून थिएटर डोक्यावर घेतलं. झहूरचं टाळकं सटकलं. त्याने पुन्हा हात आडवा धरला. पडदा काळा झाला, पब्लिक बोंबलायला लागलं.

शेठ धापा टाकत वर आला. "गाढवा, मुका केव्हाच झाला! हात काढ!"

"नाय काढणार, शेठ," झहूर कडाडला. "घाण तर आत्ता आलीय!"